शेवटच्या चाकापर्यंत हवा पोचते का?

प्रति,
मा. साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य, साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : ऊस वाहतुकीच्या ट्रेलरचे ब्रेक आणि गॅरेजमधल्या निदानाची लेखी नोंद

महोदय,



दर वर्षी मंत्री समितीची बैठक होते, गाळपाची तारीख ठरते, कारखान्यांना गाळप परवाने मिळतात आणि उसाच्या ट्रेलरना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम निघते. मोहीम चांगलीच आहे. अंधारात उभ्या ट्रेलरवर आदळून माणसं गेलेली आहेत. पण रिफ्लेक्टर मागून येणाऱ्याला फक्त ट्रेलर दाखवतो. तो ट्रेलर वेळेवर थांबतो का, हे तपासणारी मोहीम आमच्या रस्त्यावर मी पाहिलेली नाही. ती निघावी, आणि ब्रेक दुरुस्त करणाऱ्या गॅरेजला आपलं निदान कागदावर लिहावं लागावं, एवढ्यासाठी हे पत्र.

मी सुप्याचा. तालुका बारामती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर नीरा डावा कालवा आणि हिरवागार ऊस येतो. आमचा सुप्याचा भाग जिराईत. जानाई-शिरसाई योजनेचं आवर्तन सुटलं तर रान ओलं, नाहीतर आभाळाकडे डोळे. म्हणून इथल्या बऱ्याच घरांनी दुसऱ्याच्या उसावर पोट बांधलंय. कर्ज काढून ट्रॅक्टर घ्यायचा, मागे दोन ट्रेलर जोडायचे, कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार करायचा, उचल घ्यायची, मुकादमाला द्यायची, ऊसतोड मजुरांची टोळी आली तर देवाचे आभार मानायचे. मग चार-पाच महिने दिवस-रात्र खेपा. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, पाटसचा भीमा. ज्याचा करार त्याच्या काट्यावर रांग. या धंद्यात ट्रॅक्टर बंद पडला तर नुकसान आमचं होतं. ट्रॅक्टर थांबला नाही तर नुकसान कुणाचंही होऊ शकतं.

गेल्या हंगामात माझ्या जोडीला, म्हणजे ट्रॅक्टर आणि त्यामागच्या दोन ट्रेलरना, ब्रेकचा त्रास सुरू झाला. एअर ब्रेकची जोडी आहे. ट्रॅक्टरच्या इंजिनवर काँप्रेसर, टाकीत हवा, पेडल दाबलं की ती पाइपातून आधी पुढच्या ट्रेलरला आणि तिथून पुढच्या पाइपाने मागच्या ट्रेलरला जाते. प्रत्येक चाकाजवळच्या चेंबरमधला दांडा पुढे येतो, स्लॅक ऍडजस्टर फिरतो, शू पसरतात आणि लायनर ड्रमला घासतो. झालं असं, की भरलेली जोडी उतारावर असताना ब्रेक दाबला की आधी गाडी धरल्यासारखी वाटायची आणि मग मागून दणका बसायचा. मागचा ट्रेलर पुढच्याला ढकलतोय हे ड्रायव्हरच्या पाठीला कळायचं. यार्डात पोचल्यावर पुढच्या ट्रेलरच्या चाकांना जळका वास. ड्रमवर पाण्याचे थेंब उडवले की चर्र करून उडून जायचे. मागच्या ट्रेलरच्या ड्रमवर तेच थेंब आरामात ओघळायचे.

भागातल्या एका चालत्या गॅरेजला जोडी नेली. नाव लिहीत नाही, कारण वाद एका नावापुरता नाही. गॅरेजवाल्याने पुढची चाकं उघडली आणि निकाल दिला, "दादा, लायनर गेलेत. ड्रमला रेघा पडल्यात. टर्निंग करून घ्या, नवीन लायनर टाका." तो खोटं बोलत नव्हता. लायनर खरंच झिजले होते. पुढच्या ट्रेलरला नवे लायनर बसले, ड्रम लेथवर गेले. मागच्या ट्रेलरचेही लायनर "जोडीला जोडी" म्हणून बदलले. पाच आकडी बिल झालं. बिलावर चार ओळी : लायनर सेट, ड्रम टर्निंग, ग्रीस, मजुरी. ब्रेक कशामुळे बिघडला होता, याची पाचवी ओळ नव्हती.

हंगाम चालूच होता. थोड्याच खेपांत तोच दणका, तोच वास. परत गॅरेज. आता कारण बदललं, "लोड जास्त भरता तुम्ही. वर ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून चालवतो." उसाच्या ट्रेलरवर जादा वजन असतं, हे मी नाकारत नाही. ते कमी झालंच पाहिजे, आणि त्यासाठी आपल्या दोन्ही खात्यांनी वेगळी पत्रं काढावीत. पण लोड दोन्ही ट्रेलरवर सारखा होता, कारखान्याच्या काट्यावर दोन्ही एकाच पावतीत मोजले जात होते, आणि ड्रायव्हरचा पाय तर दोघांसाठी एकच. मग जळतंय फक्त पुढचंच कसं? या प्रश्नाला गॅरेजकडे उत्तर नव्हतं. उत्तराऐवजी त्यांनी प्रयोग करून दाखवला. हेल्पर वर चढला, पेडल दाबून धरलं, मालक मागच्या ट्रेलरखाली वाकला आणि म्हणाला, "बघा, दांडा येतोय बाहेर. ब्रेक लागतोय की!" दांडा खरंच बाहेर येत होता. यावर सामान्य माणसाने काय बोलायचं?

मी काढलेले जुने लायनर मागितले. "भंगारात गेले असतील," असं आधी उत्तर मिळालं. मग तिथल्या पोराने कोपऱ्यातल्या पोत्यातून ते काढून दिले. ते घरी ओट्यावर मांडले आणि सगळा वाद तिथेच उलगडला. पुढच्या ट्रेलरचे लायनर इतके झिजलेले, की पितळी रिव्हेटची डोकी पृष्ठभागाशी आली होती. एका तुकड्यावर तर रिव्हेटनेच ड्रम खरवडल्याची चमक होती. मागच्या ट्रेलरचे लायनर मात्र जवळजवळ पूर्ण जाडीचे. रिव्हेट खोल भोकांत सुरक्षित, कडेला कंपनीच्या रंगाचे शिंतोडे अजून शाबूत. दोन्ही सेट एकाच वेळी बसवलेले होते, एकाच रस्त्यावर, एकाच ओझ्याखाली चालले होते. एक संपत आला होता, दुसऱ्याला फारसं काम पडलेलंच नव्हतं.

लायनरचं झिजणं हे दुखणं नव्हतंच, ती दुखण्याची खूण होती. मागचा ट्रेलर ब्रेक लावत नव्हता, म्हणून त्याचाही भार पुढच्याने उचलला आणि तो जळाला. अशा वेळी पुढचे लायनर बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं.

खरं निदान केलं ते पाटसच्या बाजूला ट्रकच्या एअर ब्रेकचं काम करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रीने. त्याने एकही चाक उघडलं नाही. आधी विचारलं, "पुढं तापतंय का मागं?" मग खोक्यातून हवेचं मीटर काढलं आणि मागच्या ट्रेलरच्या चेंबरला जाणाऱ्या जोडाशी लावलं. ट्रॅक्टरच्या टाकीत सहा किलो हवा होती. पेडल दाबलं. पुढच्या चेंबरपाशी हवा लगेच पोचली. मागच्या मीटरचा काटा मात्र जागेवरच. मग तो सावकाश सरकायला लागला आणि बऱ्याच वेळाने वर पोचला. मिस्त्री म्हणाला, "मालक, हवा पोचतीय. पण वेळ निघून गेल्यावर पोचतीय."

दोन ट्रेलरमधला रबरी पाइप त्याने उतरवला आणि ब्लेडने उभा चिरला. बाहेरून पाइप ठणठणीत, कुठे भेग नाही, साबणाच्या पाण्याचा एक बुडबुडा नाही. आत, कपलिंगपासून वीतभर अंतरावर, आतला थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. काँप्रेसरमधून हवेबरोबर येणाऱ्या ऑइलने रबर फुगतं, आणि वळणावर पाइप त्याच जागी वाकतो. हवा मागच्या चाकाकडे निघाली की ही जीभ तिच्या वाटेत आडवी पडायची. पेडल सोडल्यावर उलटी हवा तिला बाजूला सारून निघून जायची. म्हणून मागचा ब्रेक अडकूनही राहत नव्हता आणि वेळेवर लागतही नव्हता. गॅरेजचा प्रयोग याच कारणाने फसवा ठरला. हेल्परने पेडल कितीतरी वेळ दाबून धरलं, तेवढ्यात जिभेच्या फटीतून हवा झिरपत मागे गेली आणि दांडा बाहेर आला. रस्त्यावर ब्रेक इतका वेळ कुणी दाबून धरत नाही. तपासायला हवं होतं दांडा किती वेळाने येतो. पाहिलं फक्त येतो की नाही.

हा वेळ किती महागाचा आहे, याचा हिशेब साधा आहे. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७ मीटर. मागच्या ट्रेलरला ब्रेक लागायला दोन सेकंद उशीर झाला, तर तेवढ्यात जोडी १४ मीटर पुढे जाते. एसटीच्या लांबीपेक्षा जास्त. आणि या १४ मीटरमध्ये ती सरळच जाईल, याचा भरवसा नाही. पुढचा ट्रेलर थांबू पाहतो, मागचा रेटतो, मधली पिन हा त्या दोघांमधला सांधा. सांधा सरळ रेषेत राहिला नाही की दोन ट्रेलरची घडी होते आणि ऊस समोरच्या लेनमध्ये.

नवा पाइप बसला आणि दणका गेला. पाइपाची किंमत लायनरच्या बिलाच्या पासंगालाही पुरणार नाही. चिरलेला पाइप आणि दोन्ही लायनर घेऊन मी पहिल्या गॅरेजला गेलो. त्यांचं म्हणणं असं : आम्ही काम केलं तेव्हा पाइप चांगला होता, नंतर खराब झाला, लायनर झिजले होते, ते आम्ही बदलले, यात आमचं चुकलं कुठे? महोदय, हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. म्हणून त्याचं उत्तर नीट देतो. पाइप नंतर खराब झाला असता, तर गॅरेजने काढलेले मागचे लायनरही पुढच्यांइतकेच झिजलेले मिळाले असते. ते कोरे निघाले. लायनर हंगामभराचा हिशेब अंगावर घेऊन येतो. तो एका आठवड्यात लिहिता येत नाही आणि मागची तारीख टाकून बदलताही येत नाही. मागचा ट्रेलर बराच काळ ब्रेक लावत नव्हता, याचा पुरावा त्या दिवशी गॅरेजच्याच हातात होता. त्यांनी तो मोजला नाही, पोत्यात टाकला.

आता गॅरेजची बाजूही मांडतो, कारण ती मांडल्याशिवाय माझी मागणी कळणार नाही. हंगामात एका गॅरेजपुढे सहा-सहा जोड्या उभ्या असतात. प्रत्येकाला पहाटेची खेप धरायची असते. हवेचं मीटर सगळ्यांकडे नसतं. आणि मुख्य गोष्ट, तपासणीचे पैसे आपल्याकडे कुणी देत नाही. मिस्त्रीने तासभर नुसतं तपासलं आणि एक पाइप बदलला, तर गिऱ्हाईक म्हणतं, "एवढ्याचे एवढे?" तेच त्याने लायनर, ड्रम, चेंबर असा डबा भरून माल बदलला की पैसे गुपचूप निघतात. डोकं फुकट आणि लोखंड विकत, असा हा व्यवहार आहे. मग गॅरेज लोखंडच विकणार. निदान चुकणं हा नेहमी लबाडीचा भाग असतोच असं नाही. बऱ्याचदा तो दर ठरवण्याच्या या पद्धतीचा परिणाम असतो. पण परिणाम कुणाचाही असो, चुकलेलं निदान रस्त्यावर आमच्या नावाने धावतं.

कायदाही ते आमच्याच नावावर टाकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० मध्ये, ज्या दोषाची माहिती होती किंवा साधारण काळजी घेतली असती तर जो कळला असता, असा दोष असलेलं वाहन किंवा ट्रेलर सार्वजनिक जागी चालवणारा आणि चालवू देणारा, दोघेही दोषी धरले आहेत. तत्त्व रास्त आहे. पण "साधारण काळजी" म्हणजे शेतकऱ्याने आणखी काय करायचं? त्रास जाणवला, जोडी गॅरेजला नेली, सांगितलेले पैसे भरले. त्यानंतर अपघात झाला असता, तर माझ्या हातात पुरावा म्हणून काय होतं? चार ओळींचं बिल, ज्यावरून फक्त एवढंच सिद्ध होतं की मी लायनर विकत घेतले.

कागदात काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, याची किंमत सुप्याइतकी दुसऱ्या गावाला क्वचितच मोजावी लागली असेल. १२ मे १८७५ रोजी याच गावात आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले. जे मिळालं ते जाळलं. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेलं प्रकरण इथून सुरू झालं आणि पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. लोकांचा राग कागदावर होता, कारण तो कागद एकाच बाजूने लिहिला जात होता. फेडलेल्या पैशाची पावती नव्हती, व्याज मुद्दलात कधी मिसळलं ते कळत नव्हतं, अंगठा मात्र शेतकऱ्याचा. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. त्या कायद्यात बळीराजाच्या कळवळ्याची भाषणं नव्हती, कागदाचे नियम होते. प्रत्येक परतफेडीची लेखी पावती द्यायची, हिशेबाचा वार्षिक उतारा द्यायचा, रोखे गावच्या निबंधकासमोर करायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, न्यायालयाने रोख्यावरच्या आकड्यापाशी न थांबता त्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासायचा.

आजच्या गॅरेजवाल्याला मी सावकाराच्या जागी बसवत नाही. तो आमच्यातलाच, हप्ते भरणारा माणूस आहे. पण त्याच्या बिलाच्या मागे जायला वाटच ठेवलेली नाही, हे दुखणं त्याच जातीचं आहे. तक्रार काय होती, काय तपासलं, काय सापडलं, ते कारण धरून काय बदललं, हा इतिहास लिहिलेला असेल तर त्याच्या मागे जाता येतं. नसेल तर दोन्हीकडून नुसती तोंडातोंडी.

हे काही अशक्य कोटीतलं मागणं नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९७१ मध्येच वाहन दुरुस्तीचा स्वतंत्र कायदा केला. दुरुस्तीआधी लेखी अंदाजपत्रक, त्याहून जास्त खर्च होणार असेल तर गिऱ्हाइकाची आधी संमती, आणि गिऱ्हाइकाने काम देताना मागितले तर बदललेले जुने भाग परत. या तीन गोष्टी तिथे पन्नास वर्षांपासून चालू आहेत आणि गॅरेज बंद पडलेली नाहीत. आपल्याकडेही पाया तयार आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिलेल्या सेवेबद्दल बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि सेवेतली उणीव या व्याख्येत महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला आणि स्वतः वापरलेला माल व्यापारी कारणाच्या वगळणुकीत धरला जात नाही; म्हणजे स्वतःच्या जोडीवर घर चालवणारा ट्रॅक्टरवाला ग्राहक आहे. राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यातूनच ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, त्या जिल्ह्यात हे हक्क नवे नाहीत. पण ग्राहक आयोगासमोर मांडायला निदानाचा कागदच नसेल, तर हक्क असून काय उपयोग? चिरलेला पाइप आणि दोन लायनर घेऊन मी आयोगापुढे उभा राहू शकेन. माझ्याजागी ज्याचे जुने भाग खरोखरच भंगारात गेले, त्याने काय घेऊन उभं राहायचं?

म्हणून आपणा दोघांकडे या मागण्या आहेत.

पहिली, साखर आयुक्तांकडे. कारखान्यांनी वाहतुकीच्या करारावर सही घेण्याआधी प्रत्येक जोडीची ब्रेक तपासणी आपल्या यार्डात करावी, अशी सूचना त्यांना करारांच्या आधीच जावी. तपासणी नुसत्या ट्रॅक्टरची नको, दोन्ही ट्रेलर जोडलेल्या जोडीची हवी. एअर ब्रेक असेल तर शेवटच्या चाकाच्या चेंबरशी मीटर लावायचं, पेडल दाबायचं आणि हवा पोचायला लागलेला वेळ लिहायचा. पेडल न सोडता साबणाचं पाणी मारून जोड पाहायचे. पुढच्या आणि मागच्या दांड्याची हालचाल खडूची खूण करून मोजायची. ज्या जोडीला ट्रेलरचे ब्रेकच नाहीत, आणि अशा जोड्या थोड्या नाहीत, तिची तशी स्पष्ट नोंद करायची आणि ब्रेक बसवायला मुदत द्यायची. कारखान्यांच्या वर्कशॉपमध्ये हे काम जाणणारी माणसं आहेत. उचल देताना कारखाना जामीनदारांचे सात-बारा तपासतो, तर ब्रेकही तपासू शकतो.

दुसरी, परिवहन आयुक्तांकडे. ट्रेलर आणि ट्रॅक्टरच्या ब्रेक दुरुस्तीसाठी एक साधं, एका पानाचं मराठी जॉबकार्ड ठरवून द्यावं. त्यात चारच रकाने : गिऱ्हाइकाची तक्रार, काय आणि कसं तपासलं, काय सापडलं, काय बदललं. खाली दोघांच्या सह्या. काम पुरं झाल्यावर भरलेल्या जोडीने घेतलेल्या चाचणीची एक ओळ. अपघाताच्या चौकशीत किंवा कलम १९० खालच्या कारवाईत मालकाने हे कार्ड दाखवलं, तर त्याने साधारण काळजी घेतल्याचा पुरावा म्हणून ते विचारात घ्यावं. ज्या गॅरेजचं कार्ड मालकाच्या उपयोगी पडतं तिकडेच मालक जाईल. सक्तीपेक्षा हे लवकर लागू पडेल.

तिसरी, दोघांकडे. बदललेला प्रत्येक भाग गिऱ्हाइकाला परत दाखवला जावा आणि मागितला तर दिला जावा. भंगाराचे पैसे गॅरेजने बिलातून वजा करावेत किंवा स्वतः ठेवावेत, त्यावर भांडण नाही. पण गिऱ्हाइकाने पाहण्याआधी लायनर पोत्यात जाऊ नये.

चौथी. तपासणीची मजुरी बिलात वेगळी आणि ठळक लिहिली जावी. वाहतूकदार संघटना आणि कारखाने यांनी मिळून तिचा दर ठरवावा. मिस्त्रीला पाहण्याचे, विचार करण्याचे, मीटर लावण्याचे पैसे मिळाले, तर त्याला लायनर विकण्याची घाई राहणार नाही. हवेचं मीटर आणि शेवटच्या चाकाची ही चाचणी आयटीआयच्या मुलांना आणि चालत्या गॅरेजवाल्यांना हंगामाआधी एका दिवसात शिकवता येते. बारामतीत आणि इंदापुरात तशी शिबिरं घ्यायला मोठा निधी लागत नाही.

हरकती काय येतील, तेही माहीत आहे. तपासणीने हंगामाच्या तोंडावर रांगा लागतील, असं म्हटलं जाईल. करार ऊस तुटायला लागण्याच्या कितीतरी आधी होतात, ट्रेलर तेव्हा अंगणात रिकामे उभे असतात. ट्रेलरवाले गरीब आहेत, त्यांच्यावर खर्च नको, असंही म्हटलं जाईल. मी त्याच ट्रेलरवाल्यांपैकी आहे. आमचा खर्च तपासणीने वाढत नाही, चुकलेल्या निदानाने वाढतो. माझं लायनरचं बिल त्याचा दाखला आहे. आणि गरिबीचाच विचार करायचा, तर रिकाम्या ट्रेलरमध्ये संसार भरून बीड-नगरकडून येणाऱ्या टोळीचा आधी करा. त्या ट्रेलरमध्ये लेकरं झोपलेली असतात. चौफुल्याकडून मोरगावला जाणारी अष्टविनायकाची गर्दी, सायकलवरून शाळेला निघालेली पोरं, दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल, या सगळ्यांना त्याच रस्त्यावरून त्याच उताराने जायचं असतं. ब्रेकचा पाइप आतून सुटलाय हे त्यांना कुठल्याच रिफ्लेक्टरवरून कळत नाही.

गॅरेजकडून मला पैसे परत मिळतील की नाही, ते मी माझ्या मार्गाने पाहीन. आपल्याकडून अपेक्षा आहे ती दोन कार्यालयांनी एकत्र बसून काढलेल्या एका परिपत्रकाची, आणि तेही पुढच्या हंगामाचे गाळप परवाने वाटायच्या आधी. परवाने वाटून झाल्यावर ट्रेलर रस्त्यावर असतील आणि मग कुणालाच थांबायला वेळ नसेल.

कळावे,

आपला,
सुप्याचा एक ऊस वाहतूकदार
(ता. बारामती, जि. पुणे)